मुलं येईनात, तेव्हा शाळाच निघाली

मैत्रिणींनो, आज सुरुवातीलाच एक कबुली देते. डी.एड.ला असताना कृतिसंशोधनाचा अहवाल लिहायचा होता. समस्या, कारणं, उपाय, निष्कर्ष असे रकाने ठरलेलेच. मी आदल्या वर्षीची एक फाईल मिळवली, गावाचं नाव नि मुलांची संख्या बदलली आणि छान अक्षरात उतरवून काढली. निष्कर्ष अर्थातच शंभर टक्के यश! नोकरीत लागल्यावरही असे दोन-तीन अहवाल मी जमवले. कुणी वाचत नाही, मग लिहायचं कशाला खरं, असं वाटायचं.

मग एकदा शाळेचं कपाट आवरताना ताराबाई मोडकांवरचं जुनं पुस्तक हाती आलं. नाव ऐकून माहीत होतं, एवढंच. वाचत गेले आणि स्वतःचीच लाज वाटायला लागली.

ताराबाईंचा जन्म १८९२ सालचा, मुंबईचा. मुली चौथीपर्यंत शिकल्या तरी कौतुक व्हायचं अशा काळात, १९१४ साली त्या बी.ए. झाल्या. लग्न होऊन अमरावतीला गेल्या. पण संसार काही सुखाचा झाला नाही. १९२१ च्या सुमारास लहान मुलीला घेऊन त्या वेगळ्या झाल्या. तेव्हा हे किती अवघड असेल, याची आपल्याला कल्पना येईल. राजकोटला मुलींच्या अध्यापन महाविद्यालयात त्यांना प्राचार्यपद मिळालं. मानाची, पगाराची नोकरी. तीही त्यांनी सोडली, कारण भावनगरला गिजुभाई बधेका लहान मुलांच्या शिक्षणात काही नवं करत होते. मूल मारून नव्हे, रमून शिकतं, हे ते वर्गात करून बघत होते. ताराबाई त्यांना जाऊन मिळाल्या.

१९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. सोबत गुजरातीत शिक्षणपत्रिका निघू लागली आणि १९३३ मध्ये ताराबाईंनी तिची मराठी आवृत्ती सुरू केली. मला या बाईंचं मोठेपण इथे दिसतं. आपल्या वर्गात जे कळलं ते आपल्यापाशीच ठेवायचं नाही. लिहायचं, छापायचं, गावोगावच्या शिक्षकांच्या आणि आयांच्या हातात द्यायचं, हा त्यांचा ध्यास. १९३६ मध्ये त्या मुंबईत दादरला आल्या आणि तिथे बालशिक्षणाचं काम उभं केलं.

शहरात बस्तान बसलेलं असताना, पन्नाशी उलटल्यावर, १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या. समुद्राकाठचं खेडं. तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी तर काढली, पण गरीब वस्तीतली मुलं येईनात. आपण अशा वेळी काय म्हणतो? पालकच अडाणी, त्याला आम्ही काय करणार! ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. झाली अंगणवाडी! महागडी साधनं परवडत नव्हती, तर शंख-शिंपले, बिया, पानं, माती हीच साधनं झाली.

१९५७ मध्ये हे काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली मुलं दिवसभर गुरांमागे असत, शाळेत कशी येणार? मग बाईच कुरणात गेल्या. गुरं चरताहेत, झाडाखाली शाळा भरलीय. ती कुरणशाळा. मोठ्या बहिणींच्या कडेवर धाकटी भावंडं, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र केली. ती विकासवाडी. आणि हे सगळं नुसतं केलं नाही, पुस्तकं लिहून इतरांपुढे ठेवलं. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. १९७३ मध्ये त्या गेल्या. पुढे १९७५ मध्ये सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली, ती अंगणवाडी हेच नाव घेऊन. आज आपल्या गल्लीत जी अंगणवाडी आहे ना, तिचं मूळ त्या न आलेल्या मुलांमध्ये आहे.

पुस्तक मिटलं आणि माझा चौथीचा वर्ग डोळ्यांपुढे आला. बाजाराच्या दिवशी माझ्या पाच-सहा मुली हमखास गैरहजर. धाकट्यांना सांभाळायला घरी. त्यांना सांगितलं, भावंडांना घेऊन या. वर्गात मागे सतरंजी अंतरली, चिंचोके आणि रिकाम्या डब्या ठेवल्या. पहिल्या दिवशी नुसता गोंधळ! एक पोर रडलं की सगळी रडायची. दोन मुली टिकल्या, बाकीच्या नाहीच आल्या. त्या वर्षीचा अहवाल मी तस्साच लिहिला. गोंधळ, रडारड, हजर दोनच, सगळं. निष्कर्षात शंभर टक्के नव्हते.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत तो भीतभीतच वाचला. संपल्यावर दुसऱ्या शाळेतल्या एक बाई जवळ आल्या. त्यांच्याकडेही हेच होतं, पण कधी कुणापाशी बोलल्या नव्हत्या. सतरंजी कुठे अंतरली, धाकट्यांना काय दिलं, ती रडायची कधी थांबली, असं बारीकसारीक विचारत राहिल्या. माझ्या आधीच्या त्या सुंदर अक्षरातल्या फायलींबद्दल कधी कुणी एक प्रश्न विचारला नव्हता.

तुमच्यापैकी कुणी शिक्षिका असेल, अंगणवाडीताई असेल. यंदाचा अहवाल लिहायला बसाल तेव्हा दुसरीची फाईल मागू नका. आपल्या वर्गात जे घडलं, फसलं, तेच लिहा. कुठेतरी एखादी बाई त्याची वाट बघत असते.