सांधे कमी करणारा अभियंता

मोटारदुरुस्तीच्या व्यवसायात एका माणसाचे आडनाव जगभर रोज उच्चारले जाते. ते एका माणसाचे आडनाव आहे, हे मात्र उच्चारणाऱ्यांपैकी अनेकांना ठाऊक नसते. पुढच्या चाकातून आवाज येतो म्हणून गाडी गॅरेजमध्ये नेली की मेकॅनिक मॅकफर्सन तपासावे लागेल असे सांगतो, आणि ग्राहक ते एखाद्या सुट्या भागाचे किंवा परदेशी कंपनीचे नाव समजतो. अर्ल स्टील मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याच्या कीर्तीचे स्वरूप असे विलक्षण आहे. ज्या मोटारीसाठी त्यांनी आपल्या आयुष्यातील उमेदीची वर्षे वेचली ती मोटार बाजारात आलीच नाही. तिच्या निमित्ताने आकाराला आलेला एक खांब मात्र आज जगातील असंख्य मोटारींचा भार वाहत आहे.

मॅकफर्सन यांचा जन्म ६ जुलै १८९१ रोजी इलिनॉय राज्यातील हायलंड पार्क येथे झाला. इलिनॉय विद्यापीठातून १९१५ मध्ये अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते डेट्रॉईटला गेले. मोटार ही श्रीमंतांची चैन न राहता सामान्य कुटुंबाची गरज होऊ पाहत होती, तो हा काळ. चामर्स या मोटार कंपनीत त्यांनी उमेदवारी केली. पहिल्या महायुद्धात सैन्याबरोबर युरोपात जाऊन विमानांच्या इंजिनांवर काम केले. विमानात अनावश्यक वजनाला जागा नसते. प्रत्येक भागाला आपले प्रयोजन सिद्ध करावे लागते. पुढे मॅकफर्सन यांनी मोटारीकडे ज्या नजरेने पाहिले, तिचे या शिस्तीशी असलेले साम्य लपत नाही.

युद्धानंतर लिबर्टी आणि मग १९२३ पासून हपमोबाइल अशा कंपन्यांत त्यांनी काम केले. १९३४ मध्ये ते जनरल मोटर्समध्ये दाखल झाले आणि लवकरच शेवरोले विभागातील संकल्पनाचे प्रमुख अभियंते झाले. अमेरिकी मोटारींच्या पुढच्या चाकांचे रूप नेमके त्याच सुमारास पालटत होते. तोवर बहुतेक मोटारींत दोन्ही पुढची चाके एकाच आडव्या आसाला जोडलेली असत आणि आस पाट्यांवर बसवलेला असे. एक चाक खड्ड्यात गेले की दुसरेही कलायचे. विशिष्ट वेगाला चाके थरथरू लागत आणि ती थरथर स्टिअरिंगमधून चालकाच्या हातात पोहोचे. यावर उपाय म्हणून प्रत्येक चाकाला स्वतंत्र आधार देण्याची रचना आली. वर एक भुजा, खाली एक भुजा, दोहोंमध्ये स्प्रिंग आणि चाक वळवण्यासाठी किंगपिन, असे तिचे सर्वसाधारण स्वरूप होते.

या रचनेने प्रवास सुखाचा झाला, पण सांध्यांची संख्या वाढली. जिथे सांधा आहे तिथे हालचाल आहे; जिथे हालचाल आहे तिथे झीज आहे; आणि झीज झाली की आवाज ठरलेला. पुढच्या चाकांच्या यंत्रणेतून येणारा खडखडाट म्हणजे बहुधा दोन धातूंमध्ये पडलेल्या, केसाएवढ्या फटीची तक्रार असते. सांधे जितके अधिक, तितके अशा तक्रारींचे संभाव्य पत्ते अधिक. त्यात वंगण, दुरुस्ती आणि वजन यांचा खर्च मिळवला की स्वस्त मोटारीला ही रचना परवडत नाही.

हा प्रश्न मॅकफर्सन यांच्यासमोर १९४५ मध्ये थेट उभा राहिला. युद्ध संपत असताना शेवरोलेने एक छोटी, हलकी मोटार तयार करण्याचे ठरवले आणि त्या प्रकल्पाची धुरा त्यांच्याकडे सोपवली. या मोटारीला कॅडेट असे नाव मिळाले. किंमत एक हजार डॉलरच्या आत, वजन सुमारे एक हजार किलो, चार माणसांची ऐसपैस बैठक आणि लहानसे सहा सिलिंडरांचे इंजिन, असे तिचे उद्दिष्ट होते. केवळ मोठी मोटार आक्रसून छोटी करणे मॅकफर्सन यांना मान्य नव्हते. स्वस्त गाडी घेणाऱ्यालाही चारही चाकांना स्वतंत्र आधार असलेली, रस्त्यावर स्थिर राहणारी गाडी मिळाली पाहिजे, असा त्यांचा कटाक्ष होता.

तो कटाक्ष आणि ती किंमत यांचा मेळ घालण्यासाठी जी युक्ती त्यांनी योजली, तीच पुढे त्यांच्या नावाने ओळखली गेली. त्यांनी वरची भुजा काढून टाकली. किंगपिन काढून टाकला. धक्के शोषणारा शॉक अॅब्सॉर्बर त्यांनी इतका मजबूत केला की तोच चाकाला उभा धरून ठेवणारा खांब झाला, आणि स्प्रिंग त्याच्याच भोवती बसवली. खांबाचे खालचे टोक चाकाच्या धारकाला घट्ट जोडलेले, आणि तिथून एक आडवी भुजा गाडीच्या आतल्या बाजूला गेलेली. वरचे टोक रबराच्या आधारातून थेट गाडीच्या सांगाड्याला टेकलेले. स्टिअरिंग फिरवले की चाकासह सगळा खांबच वळणार. फियाटचे गुइदो फोर्नाका यांनी १९२० च्या दशकात अशाच धर्तीचा विचार मांडला होता, त्यामुळे ही कल्पना शून्यातून उगवली असे म्हणता येणार नाही. परंतु कारखान्यात मोठ्या संख्येने, कमी खर्चात बनवता येईल असे रूप तिला मॅकफर्सन यांनी दिले.

कॅडेटचे नमुने तयार झाले, चाचण्याही झाल्या. पण बाजाराचे वारे फिरले होते. युद्धकाळात मोटारींचे उत्पादन थांबल्यामुळे भुकेलेला ग्राहक मिळेल ती मोठी गाडी घेण्यास तयार होता. पोलादाचा तुटवडा होता. ज्या पोलादातून अधिक नफ्याची गाडी बनते, त्यातून कमी नफ्याची का बनवावी, या हिशेबापुढे कॅडेटचा टिकाव लागला नाही. काम आधी लांबणीवर पडले आणि १९४७ मध्ये प्रकल्प गुंडाळण्यात आला. त्याच वर्षी, वयाच्या ५६ व्या वर्षी, मॅकफर्सन जनरल मोटर्स सोडून प्रतिस्पर्धी फोर्ड कंपनीत गेले. तेरा वर्षांची नोकरी आणि हातातोंडाशी आलेली मोटार मागे ठेवून त्यांनी हा निर्णय घेतला. सोबत नेण्यासारखी गोष्ट एकच होती : सांधे कमी करण्याची दृष्टी.

त्या दृष्टीला फळ आले ते अमेरिकेत नव्हे, तर ब्रिटनमध्ये. फोर्डच्या ब्रिटिश शाखेने १९५० च्या लंडन मोटार प्रदर्शनात कॉन्सल आणि झेफर या दोन गाड्या मांडल्या. त्यांना पुढच्या बाजूस मॅकफर्सन यांचे खांब होते. या गाड्यांना वेगळी चौकट नव्हती. पत्र्याची संपूर्ण बांधणीच भार पेलत होती. ही बाब महत्त्वाची होती, कारण खांबाचे वरचे टोक टेकवायला इंजिनाच्या दोन्ही बाजूंना उंच आणि भक्कम जागा हवी असते. चौकटीवर धड ठेवलेल्या गाडीत ती सहजासहजी मिळत नाही. पुढे १९५३ मध्ये एक गमतीशीर योग जुळून आला. मॅकफर्सन यांच्या या रचनांची दोन पेटंटे त्या एकाच वर्षी मंजूर झाली. एक जनरल मोटर्सच्या मालकीचे होते, दुसरे फोर्डच्या.

फोर्डमध्ये १९५२ साली ते अभियांत्रिकी विभागाचे उपाध्यक्ष झाले. मोठ्या अमेरिकी गाड्यांना त्यांनी आपला खांब दिला नाही, पण तिथेही सांध्यांची छाटणी केली. चाक वळवणारा किंगपिन आणि चाक वर-खाली होऊ देणारे वेगळे सांधे, ही दोन्ही कामे खोबणीत बसवलेला एकच गोळा करू शकतो. आपल्या खांद्याच्या सांध्यासारखा तो सर्व दिशांनी फिरतो. हा बॉल जॉइंट १९५२ च्या लिंकन मोटारींत आणि १९५४ पासून फोर्डच्या मोटारींत आला. फोर्डच्या पिकअप ट्रकमध्ये मात्र जुना आडवा आस, पाटे आणि किंगपिन हीच व्यवस्था त्या काळात कायम राहिली. ओझे वाहणाऱ्या गाडीला सुखापेक्षा दणकटपणा हवा, असा त्यामागचा विचार होता.

कालांतराने पिकअपही बदलले. आजच्या अनेक पिकअपमध्ये पुढच्या बाजूस वर आणि खाली दोन भुजा, प्रत्येकीच्या टोकाला बॉल जॉइंट आणि मध्ये स्प्रिंगसह शॉक अॅब्सॉर्बर असतो. वरवर पाहता तो मॅकफर्सन यांचा खांबच वाटतो, पण नसतो. इथे वरची भुजा शिल्लक असते आणि चाक वळवण्याचे काम खांब करीत नाही. आवाजाचे मूळ शोधणाऱ्याला हा फरक ठाऊक नसेल तर शोध पहिल्याच पायरीवर चुकतो. उंची वाढवून मोठे टायर बसवलेल्या पिकअपमध्ये तर तो अधिकच गुंततो. गाडी उचलली की दोन्ही भुजा तिरप्या होतात, बॉल जॉइंट आपल्या हालचालीच्या टोकाजवळ काम करू लागतात आणि गाडीचा कल रोखणाऱ्या आडव्या दांड्याचे दुवे वाकड्या कोनात ओढले जातात. उतारावरून चाक खाली लोंबले की शॉक अॅब्सॉर्बर पूर्ण ताणला जाऊन दणका बसतो, आणि तो बॉल जॉइंटचा दोष समजून चांगला भाग बदलला जातो.

अशा वेळी क्रम महत्त्वाचा. आवाज केव्हा येतो, हे आधी पाहावे. बारीक खड्ड्यांवर सतत खुळखुळ होत असेल तर संशय त्या दांड्याच्या दुव्यांवर. ते सोडून, जपून आणि कमी वेगात, थोडे अंतर चालवले असता आवाज थांबला तर उत्तर मिळाले. ब्रेक लावताना एकच ठोका पडत असेल तर भुजांचे रबरी बुश पाहावेत. बॉल जॉइंटमधील ढिलाई तपासताना जॅक कुठे लावायचा, हेही रचनेवर अवलंबून असते. स्प्रिंग खालच्या भुजेवर टेकली असेल तर गाडीचा भार खालच्या बॉल जॉइंटवर असतो, म्हणून जॅक त्या भुजेखाली लावून भार काढावा लागतो. मॅकफर्सन रचनेत भार खांबातून वर जातो, म्हणून चाक मोकळे लोंबू देऊन पहारीने हलवून पाहिले तरी चालते. उंची बदलताना आणखी एक चूक वारंवार घडते. गाडी जॅकवर असतानाच बुशचे बोल्ट आवळले जातात. गाडी जमिनीवर आली की रबर कायमचे पिळलेले राहते, करकरते आणि लवकर फाटते. ते बोल्ट चाकांवर वजन आल्यावरच शेवटचे आवळायचे असतात.

मॅकफर्सन यांच्या खांबालाही स्वतःचे आवाज आहेत, हे सांगितले नाही तर चित्र एकांगी होईल. सांधे कमी झाले, पण रस्त्याचा धक्का आता थेट गाडीच्या धडाला पोहोचू लागला. त्याला अडवणारे रबर वरच्या टोकाशी असते. ते खचले की गतिरोधकावर ठोका ऐकू येतो. तिथले बेअरिंग अडकले तर उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग पिळली जाते आणि टणत्कार करून सुटते. दुखणी संपली नाहीत. त्यांचे पत्ते मात्र मोजके झाले आणि शोधणाऱ्याचे काम सोपे झाले.

मे १९५८ मध्ये मॅकफर्सन फोर्डमधून निवृत्त झाले आणि २६ जानेवारी १९६० रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या रचनेचा खरा प्रसार त्यानंतरचा. १९६० च्या दशकात बीएमडब्ल्यूच्या नव्या गाड्यांनी, पोर्शे ९११ ने आणि टोयोटाच्या पहिल्या कोरोलाने ती आपापल्या परीने स्वीकारली. इंजिन पुढे आडवे ठेवून पुढचीच चाके फिरवणाऱ्या छोट्या गाड्यांचे युग आले, तेव्हा तर तिला पर्यायच उरला नाही, कारण वरची भुजा नसल्यामुळे इंजिनाला जागा मोकळी मिळत होती. अमेरिकेत फोर्डच्या फेअरमाँट गाडीला तिचे सुधारित रूप मिळाले ते १९७८ च्या सुमारास, मॅकफर्सन यांच्या मृत्यूनंतर जवळपास दोन दशकांनी.

भारतातही हीच कथा घडली. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीच्या पुढच्या चाकांना दोन-दोन भुजा होत्या. १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि तिच्यासोबत मॅकफर्सन यांचा खांब मध्यमवर्गाच्या दारात उभा राहिला. पुण्यात घडलेल्या टाटा इंडिकानेही १९९८ मध्ये तोच मार्ग पत्करला. सामान्य कुटुंबाला परवडणारी, तरीही नीट चालणारी छोटी गाडी हे कॅडेटचे उद्दिष्ट होते. डेट्रॉईटमध्ये ते फायद्याच्या हिशेबात बसले नाही. पण तो हिशेब जुळवण्यासाठी मॅकफर्सन यांनी शोधलेले उत्तर पुढे अशाच गाड्यांनी जगभर वापरले. एका मोटारीच्या अपयशातून इतक्या मोटारींना उभे राहण्यासाठी पाय मिळावेत, यापेक्षा मोठे यश कोणत्या अभियंत्याने मागावे?