माँझची तुकडी

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात घन वस्तूची समोरून आणि वरून दिसणारी रूपे कागदावर उतरविताना पुष्कळ विद्यार्थ्यांचा धीर सुटतो. हे शास्त्र रचणारा फ्रेंच गणिती गास्पार माँझ मात्र ते हाताने काम करीतच शिकला होता, आणि त्याने ते शिकविलेही तसेच.

१७४६ मध्ये बोन या गावी एका फिरत्या विक्रेत्याच्या घरी जन्मलेल्या माँझने स्वतः बनविलेल्या उपकरणांनी गावाचा नकाशा काढला. तो पाहून एका लष्करी अधिकाऱ्याने त्याची मेझियेरच्या लष्करी अभियांत्रिकी शाळेत वर्णी लावली. पण तेथे विद्यार्थी होण्यास कुळाची अट आडवी आली. जागा मिळाली ती नकाशे काढणाऱ्या कारागिरांत. तटबंदी शत्रूच्या माऱ्यापासून झाकलेली राहावी म्हणून तेथे लांबलचक आकडेमोड चाले. माँझने तेच उत्तर रेषांनी काढले. इतक्या लवकर हे होणे शक्यच नाही, म्हणून वरिष्ठाने प्रथम ते तपासण्यासही नकार दिला. तपासल्यावर ही रीत लष्करी गुपित ठरली. विद्येला कुलूप लावण्याची हौस राजवटींना नवी नाही.

क्रांतीने ते कुलूप काढले. १७९४ च्या अखेरीस पॅरिसमध्ये, पुढे एकोल पॉलिटेक्निक म्हणून गाजलेली शाळा उघडली. तिच्या संस्थापकांत माँझ अग्रणी होता. प्रवेश परीक्षेने, आणि विद्यार्थ्यांना वेतनही. एकदम सुमारे चारशे मुले आली. वर्गातील गर्दीची सबब आज सर्वत्र सांगितली जाते. ती माँझलाही सांगता आली असती. नुसत्या व्याख्यानांवर भागविणे स्वस्तही पडले असते. त्याऐवजी वीसेक जणांच्या तुकड्या पाडण्यात आल्या. व्याख्यान संपले की मुलांनी आपल्या तुकडीच्या खोलीत बसून तीच रचना स्वतः काढायची. अडले तर विचारावे कोणाला? त्यासाठी प्रत्येक तुकडीवर, थोडा पुढे गेलेला एक विद्यार्थीच नायक म्हणून नेमलेला असे. तुकड्यांचे काम सुरू होण्यापूर्वी या नायकांना वेगळे शिकवून तयार करण्यात आले, आणि त्या कामात माँझ स्वतः राबला. आपल्याकडे पहिले वर्ष नवख्या अध्यापकावर सोपविण्याची रीत आहे. तेथे ते सर्वांत मोठ्या गणित्याने अंगावर घेतले.

ती घडी पुरी टिकली नाही. १८०४ मध्ये नेपोलियनने शाळेला लष्करी शिस्त लावली आणि पुढे रेखाटनापेक्षा बीजगणिती सिद्धांतांचे पारडे जड झाले. माँझ नेपोलियनचा निष्ठावंत, १७९८ च्या इजिप्त स्वारीतला सोबती. राजेशाही परतताच १८१६ मध्ये विद्वानांच्या इन्स्टिट्यूटमधून त्याचे नाव काढण्यात आले. १८१८ च्या जुलैत तो वारला, तेव्हा पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्यांना अंत्ययात्रेस जाण्याची सरकारने मनाई केली. त्यांनी आज्ञा पाळली, आणि मोकळीक मिळताच ते सगळे मिळून त्याच्या थडग्यावर गेले.