नामदार गोपाळ कृष्ण गोखले
कोकणातील कोतळूक गावी १८६६ मध्ये जन्मलेल्या गोखल्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात अनेक वर्षे अल्प वेतनावर अध्यापन केले. देशकार्य नुसत्या उत्साहाने तडीस जात नाही, त्यासाठी तयार केलेली माणसे लागतात, असे त्यांचे मत होते. म्हणून १२ जून १९०५ रोजी पुण्यात त्यांनी भारत सेवक समाज स्थापिला आणि पहिली शपथ स्वतः घेतली. स्वतःसाठी धन मिळवायचे नाही, जातिधर्मभेद मानायचा नाही, कोणाशी वैयक्तिक कलह करायचा नाही, अशा एकूण सात प्रतिज्ञा होत्या. नव्या सदस्याला पाच वर्षे उमेदवारी करावी लागे. त्या काळात अभ्यास करायचा आणि देश हिंडून पाहायचा. सभा गाजवू पाहणाऱ्या तरुणांना हे जड गेले असेल! तरीही माणसे येत राहिली. मुंबई महापालिकेतील अभियंत्याची नोकरी सोडून अमृतलाल ठक्कर १९१४ मध्ये समाजात आले, तेव्हा त्यांची चाळिशी उलटली होती. पुढे भिल्लांची सेवा करणारे ठक्करबाप्पा ते हेच.

जानेवारी १९१५ मध्ये गांधीजी स्वदेशी परतले. त्यांनाही गोखल्यांनी वर्षभर देश पाहण्याचा आणि सार्वजनिक प्रश्नांवर न बोलण्याचा सल्ला दिला. १९ फेब्रुवारीला गोखले निवर्तले. गांधीजी मात्र वर्षभर देश पाहत फिरत राहिले.