जत्रेतलं खेळणं म्हणून विकलेली पेटी, जिच्यात बसून पाच लाख वैमानिक शिकले

रात्रीची वेळ. फ्लाइट गेम खेळणारी टोळी ऑनलाइन जमलेली असते. त्यातल्या एकाने आजची लढाई आखलेली असते. शत्रूचं विमान पन्नास-साठ किलोमीटर लांब, मध्ये दाट ढग, वारा आडवा. डोळ्यांना काहीच दिसत नाही. सगळा भरवसा समोरच्या काट्यांवर आणि रडारच्या पडद्यावर.

चूक झाली की विमान पडतं. खेळणारा चार शिव्या घालतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

चूक करूनही जिवंत राहण्याची ही सोय वैमानिकांना मिळाली ती एका ऑर्गन बनवणाऱ्या माणसामुळे. त्याचं नाव एडविन लिंक.

एडविनचा जन्म 26 जुलै 1904 चा, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला. पुढे त्याचं कुटुंब न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनला आलं. तिथे वडिलांचा पियानो आणि ऑर्गनचा कारखाना होता. मूकपटांच्या थिएटरमध्ये वाजणारे ऑर्गन तिथे बनायचे. भाते, झडपा आणि हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांमध्येच एडविन वाढला.

पण त्याचा जीव अडकला होता विमानात.

1920 साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्याने विमान शिकण्यासाठी तब्बल 50 डॉलर मोजले. ही शिकवणी होती चार्ली चॅप्लिनचा सावत्र भाऊ सिडनी चॅप्लिन याच्या कंपनीची. शिकवणाऱ्याने विमान आकाशात फिरवलं, कोलांट्या मारल्या आणि खाली उतरवलं. एडविनला मात्र दांड्याला हातही लावू दिला नाही.

त्या काळी विमान शिकणं असंच होतं. महाग आणि जिवावर बेतणारं.

मग एडविनच्या डोक्यात आलं की विमान जमिनीवरच ठेवून शिकवलं तर? 1927 च्या सुमारास वडिलांच्याच कारखान्याच्या तळघरात त्याने काम सुरू केलं. छोटंसं लाकडी विमान, आखूड पंख, आणि खाली ऑर्गनमध्ये असतात तसले भाते. दांडा हलवला की भात्यांत हवा कमी-जास्त व्हायची आणि अख्खी पेटी कलायची, वळायची, नाक वर-खाली करायची.

1929 मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. शिकाऊ वैमानिकांसाठी आणि करमणुकीसाठी, असे दोन्ही उपयोग त्यात लिहिले होते. गिऱ्हाईक मिळालं ते करमणुकीलाच. विमानचालन शाळांना ते खेळणं वाटलं. मनोरंजन पार्कांनी मात्र ते विकत घेतलं. नाणं टाका आणि विमान उडवा!

एडविनने हार मानली नाही. स्वतःची शाळा काढून त्याच पेटीवर तो लोकांना शिकवत राहिला. पेटीला झाकण बसवून आत काटे लावले. बाहेरचं काही न बघता, फक्त काट्यांवर विश्वास ठेवून कसं उडायचं, हे तो शिकवू लागला.

आणि 1934 साल उजाडलं.

झालं असं की राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट यांनी खासगी कंपन्यांचे टपालाचे करार रद्द केले आणि हवाई टपालाचं काम लष्कराकडे दिलं. ऐन फेब्रुवारीतली थंडी, धुकं, रात्रीची उड्डाणं. लष्कराच्या वैमानिकांना अंधारात काट्यांवर उडण्याचा पुरेसा सराव नव्हता. बघता बघता डझनभर माणसं गेली.

हादरलेल्या लष्कराला आता त्या खेळण्याची आठवण झाली. अधिकारी भेटीसाठी नेवार्कच्या विमानतळावर आले, पण धुकं इतकं की एडविन येणार नाही असंच त्यांना वाटलं. ते निघायच्या बेतात असताना एडविनचं विमान धुक्यातून खाली उतरलं. यापेक्षा वेगळी जाहिरात करायची गरज नव्हती. लष्कराने सहा पेट्या घेतल्या, प्रत्येकी सुमारे साडेतीन हजार डॉलरला.

दुसऱ्या महायुद्धात अशा सुमारे 10,000 पेट्या बनल्या आणि पाच लाखांहून जास्त वैमानिक त्यांवर शिकले. निळ्या रंगामुळे तिचं नावच पडलं ब्लू बॉक्स.

पेटीबाहेर शिक्षक टेबलापाशी बसायचा. तो वारा बदलायचा, रेडिओचे संदेश द्यायचा. टेबलावरच्या नकाशावर एक छोटं चाकाचं यंत्र शाईने रेघ ओढत फिरायचं. कोण कुठे भरकटला हे त्या रेघेवरून कळायचं. आज गेममध्ये लढाई आखणारा माणूस करतो ते काम हेच.

लांब पल्ल्याच्या बॉम्बहल्ल्यांसाठी तर एडविनने त्याहून मोठं यंत्र केलं. 1941 मध्ये तयार झालेलं हे यंत्र 45 फूट उंच इमारतीत मावायचं. वर ताऱ्यांचा सरकता घुमट, खाली जमिनीची चित्रं. वैमानिक, दिशा सांगणारा नेव्हिगेटर आणि बॉम्ब टाकणारा, असे सगळे आत बसून रात्रभराची मोहीम पार पाडायचे. तेही जमिनीवरच.

युद्धानंतर एडविन समुद्राकडे वळला. माणूस पाण्याखाली जास्त वेळ कसा राहील, याचा त्याने ध्यास घेतला. 1962 मध्ये त्याच्या सिलिंडरमधून रॉबेर स्टेनुई हा पाणबुड्या 200 फूट खोलीवर दिवसभराहून जास्त राहिला.

पण समुद्रात रीस्टार्टचं बटण नव्हतं.

जून 1973 मध्ये फ्लोरिडाजवळ त्याची छोटी पाणबुडी बुडालेल्या जहाजाच्या सांगाड्यात अडकली. आत चौघे होते. मागच्या कप्प्याच्या ॲल्युमिनियमच्या भिंती गार पडल्या, आणि थंडीमुळे कार्बन डायऑक्साइड शोषणारी पावडर निकामी झाली. पाणबुडी वर काढेपर्यंत मागचे दोघे गेले होते. त्यातला एक एडविनचा मुलगा क्लेटन, वय वर्षं 31.

सत्तरीच्या उंबरठ्यावरचा बाप पुन्हा कामाला लागला. अडकलेल्या पाणबुडीपर्यंत केबलने पोहोचणारं, कॅमेरा आणि पकड असलेलं बचावयंत्र त्याने बनवलं. ज्या चुकीत पोरगा गेला, तिच्यात पुढे दुसरं कुणी जाऊ नये म्हणून.

7 सप्टेंबर 1981 रोजी बिंगहॅम्टनमध्ये एडविन लिंकने शेवटचा श्वास घेतला. वैमानिक आजही आधी जमिनीवरच्या पेटीत बसून चुका करतात, आणि मगच आकाशात जातात.