चिमूटभर पुडीचा हिशेब

मृग बहाराची संत्री आली, की चांदूर रेल्वेच्या आमच्या घरी स्क्वॅशचा घाट पडे. गाळलेल्या रसात थंड पाक मिसळून झाला, की आई वाटीभर रसात चिमूटभर पांढरी पूड विरघळवी आणि आम्हा मुलांना दूर पिटाळी. त्या पुडीचा वास नाकात झणझणत जाई. ती पूड म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. आंबट रसात तिच्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो. मग बुरशी धरत नाही, रस फसफसत नाही.

पण चिमूट म्हणजे किती? पुढे बँकेत कर्जमर्यादा तपासताना हा प्रश्न मला आठवे. याच प्रश्नापायी एका माणसानं सरकारी नोकरीत उभं आयुष्य घातलं. तो अमेरिकेचा हार्वे वायली.

१८४४ साली इंडियानातल्या एका शेतकऱ्याच्या घरी तो जन्मला. वैद्यकी शिकला, पण रमला रसायनशास्त्रात. १८८० च्या दशकात तो कृषी खात्याचा मुख्य रसायनतज्ज्ञ झाला. त्या काळी दुधात फॉर्मालिन, मांसात टाकणखार बेधडक पडे आणि डब्यावर त्याचा उल्लेखही नसे.

१९०२ मध्ये त्यानं बारा धडधाकट तरुण जमवले. कार्यालयाच्या तळघरात त्यांना फुकट जेवण, पण त्यासोबत टाकणखार. पुढे सॅलिसिलिक आम्ल, सल्फाइट, बेंझोएट, फॉर्मालिन. तरुणांची भूक मेली, पोटं बिघडली. वर्तमानपत्रांनी त्यांना विषपथक म्हटलं. महिला मंडळं वायलीच्या पाठीशी उभी राहिली आणि ३० जून १९०६ रोजी शुद्ध अन्नाचा कायदा झाला.

इथं गोष्ट संपली असती, तर वायली निव्वळ नायक ठरला असता. पण त्याला सगळीच रसायनं हद्दपार हवी होती. सरकारनं नेमलेल्या तज्ज्ञांनी अल्प प्रमाणातलं बेंझोएट निर्धोक ठरवलं. खटके वाढले, १९१२ मध्ये त्यानं राजीनामा दिला. मग एका गृहिणींच्या मासिकाच्या प्रयोगशाळेत तो अखेरपर्यंत पदार्थ तपासत राहिला. १९३० साली गेला, तोही ३० जूनलाच.

प्रमाणाच्या बाबतीत तो थोडा ताठर होता. खाणाऱ्याला कळलंच पाहिजे, या बाबतीत मात्र अगदी बरोबर. आज आपल्याकडे अन्नात टाकणखार आणि फॉर्मालिनला बंदी आहे. बेंझोएट आणि सल्फाइटला मर्यादेत परवानगी. आपल्या १९५५ च्या फळ उत्पादन आदेशानं स्क्वॅशला किलोमागे ३५० मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइडची हद्द घातली. म्हणजे पूड साधारण ०.६ ग्रॅम, त्याहून जास्त नाही.

तेव्हा घरी स्क्वॅश कराल, तर पूड अंदाजानं नव्हे, तोलून घ्या. खिडकी उघडी ठेवा, पुडीवर वाकून हुंगू नका. डबी कोरडी, घट्ट झाकणाची आणि मुलांच्या हाती न लागेल अशी ठेवा. जांभळा-करवंदाच्या रसात ती घालू नका, रंग उडतो. दम्याच्या माणसाला असा स्क्वॅश देऊ नका. आणि बाटलीवर चिठ्ठी चिकटवा: काय घातलं, किती, कधी. आईच्या बाटल्यांवर तेवढी एक चिठ्ठी नसायची.