इंग्रज सरकारने अडवलं, तरी सोलापूरच्या वालचंदशेठनी कुर्ल्यात ट्रक बनवलाच

सायखेड्यात गोदावरीच्या पुलावरून कांद्याने भरलेले ट्रक रोज जातात. ट्रक इथेच बनतो याचं आता कुणाला नवल नाही. पण 1939 साली हे करू पाहणारा माणूस इंग्रज सरकारला नकोसा होता.

तो माणूस म्हणजे वालचंद हिराचंद. जन्म 23 नोव्हेंबर 1882, सोलापूर. घरचा धंदा सावकारी आणि कापसाचा, यांचं मन मात्र बांधकामात. रेल्वेची कंत्राटं, बोरघाटातले बोगदे, 1919 पासून सिंदिया कंपनीची जहाजं. नाशिक जिल्ह्याशी नातं रावळगावचं. मालेगाव तालुक्यातल्या त्या माळरानावर त्यांनी ऊस उभा केला. लहानपणी रावळगावच्या गोळ्या खाल्ल्या असतील, तर त्या त्यांच्याच कारखान्याच्या.

1939 ला मोटार कारखान्याच्या खटपटीसाठी ते अमेरिकेला गेले. क्रायस्लरशी बोलणी जमली, पण महायुद्धाचं कारण देऊन सरकारने साथ नाकारली. गंमत बघा, याच दौऱ्यात झालेल्या एका ओळखीतून डिसेंबर 1940 मध्ये बंगळुरात विमान कारखाना निघाला. विमानं सरकारलाच लढाईला हवी होती ना! मोटारीसाठी मात्र 1944 उजाडलं. प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन झाली आणि 1947 ला कुर्ल्यातून डॉज, फार्गो बाहेर पडू लागल्या. सुरुवातीला बाहेरचे सुटे भाग जोडूनच.

आता इंजिनाचा विषय. त्या काळातल्या डॉज ट्रकचे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असायचे. हवा खालून वर यायची, वळसा घ्यायची, मग सिलिंडरमध्ये शिरायची. नाक चोंदलेल्या माणसाने पळावं तसं. बनवायला सोपं, दुरुस्तीला स्वस्त, पण वेग वाढला की दम लागणार.

व्हॉल्व्ह डोक्यावर नेले की हवेची वाट सरळ होते. कॅमही वर नेला की मधल्या लांब दांड्या जातात आणि जास्त वेगातही व्हॉल्व्ह वेळेवर उघडतात. फरक किती? डॉजचं 230 घनइंची जुनं इंजिन 102 हॉर्सपॉवर द्यायचं. 1962 ला अमेरिकेत जीपच्या गाड्यांसाठी आलेलं टोर्नेडो इंजिनही 230 घनइंचीच, पण कॅम डोक्यावर. ताकद 140. सगळं श्रेय हवेला देता येणार नाही, नव्या इंजिनात मिश्रण जास्त दाबलंही जायचं. पण बाजूच्या व्हॉल्व्हसाठी लागणाऱ्या खाचेमुळे जुन्यात तेवढं दाबताही येत नव्हतं.

वालचंदशेठनी हे पाहिलं नाही. 1949 ला पक्षाघात झाला, पुढच्या वर्षी निवृत्ती आणि 8 एप्रिल 1953 ला निधन. त्यांच्या कंपनीने पुढे पद्मिनी बनवली. तिचे व्हॉल्व्ह डोक्यावर गेले होते, कॅम मात्र अजून खालीच होता.