अक्षरांना शिस्त लावणारे समर्थ

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. शके १५३० (इ.स. १६०८) च्या रामनवमीला सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या पोटी नारायण जन्मला. घरात गावचे कुलकर्णीपण असल्याने लेखणी, दौत आणि दप्तर यांच्याशी त्याची ओळख बालपणीच झाली. पुढे राष्ट्रगुरू म्हणून गौरविल्या गेलेल्या या संताने सुंदर हस्ताक्षराचे शास्त्रही मराठीला दिले, ही गोष्ट मात्र फारशी कुणाच्या ध्यानात नसते.

बाराव्या वर्षी लग्नमंडपातून निघून गेलेला नारायण नाशिकजवळच्या टाकळीस पोहोचला. तेथील बारा वर्षांच्या तपश्चर्येत जपाबरोबर लेखनही चालू होते. त्या काळात त्यांनी स्वहस्ते उतरवून काढलेली म्हणून ओळखली जाणारी वाल्मीकी रामायणाची प्रत धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात जतन केलेली आहे. त्यानंतर बारा वर्षे देशाटन करून १६४४ च्या सुमारास ते कृष्णाकाठी आले. चाफळला राममंदिर उभारले आणि ठिकठिकाणी मठ स्थापले.

या मठांना ग्रंथ हवे होते. छापखाना मात्र नव्हता. समर्थ आठ वर्षांचे असताना, १६१६ मध्ये, गोव्यात फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण छापले गेले, पण ते रोमन लिपीत. देवनागरी खिळ्यांनी मराठी व्याकरण बंगालमधील श्रीरामपूर येथे छापले गेले ते १८०५ मध्ये. तोवर ग्रंथाचे आयुष्य नकलकाराच्या हातीच होते. त्याची एक चूक पुढच्या प्रत्येक नकलेत उतरे आणि मूळ पाठच बदलून जाई.

म्हणूनच दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला वाहिलेला आहे. अक्षर वाटोळे, सरळ व मोकळे असावे. काना, मात्रा, वेलांटी नेमक्या जागी याव्यात. पहिल्या अक्षराचे वळण आणि काळेपण ग्रंथ संपेपर्यंत टिकावे. ओळीला ओळ लागू नये, असे दंडक त्यात आहेत. पान शिसाने आखून घ्यावे, भोवती कोरी जागा सोडावी, म्हणजे कागदाची कड झडली तरी मजकूर शाबूत राहतो. तरुणपणी फार बारीक लिहिले तर म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही, हाही इशारा आहे. घट्ट कागद, खळ, घोटणी, देशोदेशीचे बोरू, शाई, हिंगूळ, सुऱ्या, कातऱ्या आणि पोथी बांधण्याची मेणकापडे यांची यादीच समर्थ देतात.

आजचा मुद्रक यांतील बरेच काही ओळखेल. खिळ्याचे वळण, ओळींमधील अंतर, शाईचा एकसारखेपणा, मुद्रितशोधन या त्याच्याही रोजच्या चिंता आहेत. पानाच्या कडेला सोडलेल्या कोऱ्या जागेला मराठीत समास म्हणतात आणि दासबोधाच्या प्रकरणालाही समासच, हा योगायोग मोठा गोड आहे.

परंपरेनुसार दासबोध शिवथरघळीत समर्थांनी सांगितला आणि कल्याणस्वामींनी लिहून घेतला. वीस दशके, दोनशे समास आणि पावणेआठ हजारांच्या आसपास ओव्या, एवढा हा पसारा. शके १६०३ च्या माघ वद्य नवमीला (इ.स. १६८२) सज्जनगडावर समर्थांनी देह ठेवला. कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची प्रत डोमगावच्या मठाने सांभाळली आणि धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देव यांनी तिच्यावरून ग्रंथ छापून प्रसिद्ध केला. जपून लिहिलेली पोथी अशा रीतीने दोन शतकांहून अधिक काळ टिकून छापखान्यापर्यंत पोहोचली. जांबच्या कुलकर्ण्यांच्या मुलाने अक्षरांना लावलेल्या शिस्तीचे याहून मोठे सार्थक कोणते?